बूथवाली

कुणालीच्या मोबाइलमधून ते वाक्य आलं तेव्हा वत्सला कुणालीच्याच बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स काढत होती. मशीनचा हिरवा उजेड झाकणाखालून सरकला, आणि त्याच क्षणी मागच्या बाकड्यावरून कुणा अनोळखी मुलीचा, जरा नाकात बोलणारा, शहरी आवाज म्हणाला, "काय बोलावं ते बापाला सुचेना. मग त्याने रिसीव्हर कोंबड्याच्या चोचीपुढे धरला आणि म्हणाला, घे, ऐक, घर." मागे बासरी वाजत होती. वत्सलाचा हात मशीनच्या झाकणावर तसाच राहिला. तिला आधी वाटलं, आपण मनातल्या मनात बोललो आणि ते बाहेर ऐकू गेलं. मग वाटलं, दुकानात आणखी कोणीतरी आहे. मग तिने कागद उचलला, परत तोच कागद उलटा ठेवला आणि कोऱ्या बाजूची झेरॉक्स काढली. "काय ऐकतेस गो?" तिने मागे न वळता विचारलं. "काय नाय मावशी, रील हाय. जाम फिरतंय. बघा ना, रडायलाच येतं." कुणाली नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आली होती आणि तिचे डोळे खरोखरच ओले होते. तिने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर धुक्यातला कुठलातरी डोंगर होता, एका म्हाताऱ्याचा पाठमोरा फोटो होता, तो भलत्याच कुणाचातरी, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लेखक अज्ञात. वत्सलाने चष्मा वर सरकवला. कोंबड्याच्या 'चोचीपुढे', 'तोंडापुढे' नाही. त्या एका शब्दासाठी ती एकदा अर्धी दुपार अडून बसली होती, हे तिला इतकं लख्ख आठवलं की तोंडात त्या दुपारच्या कोऱ्या चहाची चवसुद्धा आली.

तेव्हा या दुकानाच्या जागी बूथ होता. किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा, आत काचेची उभी खोली, तिचं दार खाली घासायचं म्हणून ते लावायला खांदा लावावा लागे. बूथ सुरू केला तो सासऱ्यांनी आणि ते गेल्यावर तो वत्सलाकडे आला, जसा गोठा येतो, देव येतात, तसा. पंधरा वर्षं ती त्या काचेच्या बाहेर स्टुलावर बसली. दर दोन दिवसांनी डेटॉलच्या फडक्याने रिसीव्हर पुसायची, तरी त्याला माणसांच्या तोंडाचा वास यायचाच, तंबाखूचा, बडीशेपेचा, तापाचा. काचेतून आवाज पूर्ण अडत नसे आणि पूर्ण येतही नसे. लोक मात्र आत गेले की त्यांना वाटायचं, आपण एकटे आहोत. बाया पदराशी खेळत बोलायच्या. मोठमोठे बाप्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ऐकायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण कानाला काही पापण्या नसतात. शिवाय गावोगावच्या लोकांनी बाहेरगावच्या मुलांना बूथचाच नंबर देऊन ठेवलेला, त्यामुळे फोन तिकडून यायचा आणि वत्सला दारात येऊन स्टँडभर ओरडायची, "फोन आलायऽ!" आणि कोणाचा ते नाव घ्यायची. कोणाचा फोन किती दिवसांनी आला, कोणाचा येणार होता आणि आला नाही, फोन ठेवल्यावर कोण चटकन बाहेर येतं आणि कोण मेलेला रिसीव्हर कानाला लावून उगाच मिनिटभर उभं राहतं, हे सगळं तिच्यात साठत गेलं होतं. ते कोणाला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर बूथ बंद पडला असता, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली असती.

मग संगणक आला. मोबाइल यायला लागले होते, बूथ थंडावत चालला होता, म्हणून नवरा महादू म्हणाला, कोपऱ्यात एक मशीन टाकू. निकाल बघायला पोरं येतील. पोरं निकालाला आली ती वर्षातून एकदाच. बाकी वर्षभर ती आली ऑर्कुटसाठी. एका खुर्चीवर दोघे, मागे चौघे उभे, आणि "स्क्रॅप आला, स्क्रॅप आला" असा कल्ला. स्क्रॅप म्हणजे निरोप, तोही फोन आल्यासारखाच होता. वर्गात समोरच्या बाकावर बसणाऱ्या मित्रालाच ती पोरं ऑर्कुटवर 'जेवलास का' असं लिहायची आणि तो तिथेच उभा राहून, त्याची खुर्ची मिळेपर्यंत उत्तर द्यायला थांबायचा. वत्सलाला हसू यायचं, पण त्यात काहीतरी आहे हेही तिला कळत होतं. लिहिलेलं वाचून त्यांचे चेहरे बदलायचे. बोललेल्याने बदलत नसत. दुपारी दोनला लोडशेडिंग संपायचं, पंखा गरगरायला लागायचा, स्टँड झोपलेला असायचा. अशाच एका दुपारी कोणी उघडं ठेवून गेलेल्या पानावर तिला मराठी दिसलं. वर्तमानपत्र नव्हतं, सरकारी काही नव्हतं. कुठल्यातरी थंड देशात राहणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं की आज इथे पातीचा कांदा मिळाला आणि मी पिशवी छातीशी धरून घरी आले. बस, एवढंच. खाली अठरा जणांनी तिला काय काय लिहिलं होतं. वत्सलाने ते दोनदा वाचलं. कोणी या बाईला विचारलं नव्हतं. कोणी तिला छापलं नव्हतं. तिला वाटलं आणि तिने लिहिलं, आणि ते किन्हवलीत येऊन पोहोचलं होतं. पानाच्या कोपऱ्यात एक बटण होतं, तुमचा ब्लॉग सुरू करा. बटण 'तुमचा' म्हणत होतं. तिने मागे वळून पाहिलं होतं, कोणी उभं आहे का.

इंग्रजी अक्षरं टंकली की मराठी उमटणारं एक ठिकाण होतं, तिथे बोटाने शोधत शोधत तिने लिहायला घेतलं. ब्लॉगला नाव दिलं 'फोन आलाय', स्वतःला नाव दिलं 'बूथवाली'. गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. एक बाई येते आणि फोनवर फक्त हसते. एक माणूस फोन लावायच्या आधी केस विंचरतो. असं. पहिले बारा दिवस लेखाखाली 'प्रतिक्रिया' आणि पुढे कंसात शून्य होतं. तेराव्या दिवशी तिथे एक झालं. त्या एकाकडे ती किती वेळ बघत राहिली होती, आणि ते उघडायला तिचं बोट कसं धजेना, हे झेरॉक्सच्या मशीनपाशी उभ्या वत्सलाला आत्ताही आठवत होतं. लातूरच्या कोण्या बँकेतल्या माणसाने लिहिलं होतं, "माझे वडीलही असेच केस विंचरायचे. लिहीत राहा." त्या दिवशी तिने भाकऱ्या थापताना महादूला दोनदा ताट वाढलं. मग वाचणारे वाढत गेले. मराठी ब्लॉगांची एक यादी होती, तिच्यात तिचं नाव लागलं. कोण्या न्यू जर्सीच्या बाईने विचारलं, तुम्ही कॉलेजात शिकवता का? वत्सला दहावी होती आणि त्या प्रश्नाने तिला महिनाभर पुरेल एवढी ऊब दिली. तिला ना कोणी बघत होतं ना ओळखत होतं, तरी आपण कोणासमोर तरी आहोत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. सून, बायको, बूथवरची वहिनी, या सगळ्यांच्या मागे एक खोली निघाली होती आणि तिचं दार घासत नव्हतं.

कोंबड्याचा लेख दोन हजार आठचा. लखमा दर रविवारी चारच्या सुमाराला यायचा. त्याची बायको सोमी हिच्या माहेरची जमीन किन्हवलीच्या वरच्या अंगाला होती, ती कसायला दोघं तेव्हा तिथे राहत. मुलगा सुरज वापीला कारखान्यात लागलेला. लखमा बूथच्या पायरीवर उकिडवा बसायचा, वत्सलाने नाव पुकारलं की धोतर झटकून उठायचा आणि आत जाऊन रिसीव्हरमध्ये इतक्या मोठ्याने "हां" म्हणायचा की काच थरथरायची. पुढे जवळजवळ काही नाहीच. "हां. हां. नाय. हां. ठेव." दर रविवारी एवढंच. एका रविवारी तो पोत्याच्या पिशवीत कोंबडा घेऊन आला. उंच पायांचा, तांबडा, मान बाहेर काढून स्टँडकडे साहेबासारखा बघणारा. फोन आला. लखमा आत गेला, नेहमीसारखं हां-नाय झालं, आणि मग त्याने कोंबडा उचलला, रिसीव्हर त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, "घे, ऐक." एवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला, लखमाच्या खांद्याने दार लागलं, आणि पुढचं काचेत राहिलं. कोंबड्याने एकदाच घशातल्या घशात कुक केलं. लखमाने फोन ठेवला आणि बाहेर आला तो हसत. त्याला तिने तसं कधी हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते लिहिलं, बापाला काय बोलावं सुचेना. आणि शेवटी जिथे तिला ऐकू आलं नव्हतं तिथे तिने एक शब्द घातला. घर. घे, ऐक, घर. तो शब्द बसला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. काचेत जे राहिलं ते हेच असणार, दुसरं काय असणार, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

दोनशे अकरा जणांनी खाली लिहिलं. सगळ्यांना रडू आलं होतं. मग तो लेख ब्लॉगमधून बाहेर पडला, ईमेलमधून फिरायला लागला, बूथवालीचं नाव वाटेत कुठेतरी गळलं. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही, नाव तरी कुठे खरं होतं. वाईट वाटलं ते पुढच्या फेब्रुवारीत. दोनशे बाराव्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांत तीन-चारच शब्द होते. हा माझा बाप आहे. खाली नाव, सुरज. वत्सलाने खिडकी बंद केली, मग मशीन बंद केलं, मग भिंतीवरचं बटणही. हा माझा बाप आहे. तुझ्या गोष्टीतला कोणी नाही, माझा आहे. काचेबाहेर कान लावून बसणारी तू कोण? तिने ते शब्द पुढे कितीतरी वर्षं वेगवेगळ्या आवाजांत ऐकले आणि प्रत्येक आवाज रागावलेला होता. त्यानंतरच्या रविवारी लखमा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चारच्या सुमाराला ती पायरीकडे बघायची आणि मान खाली घालायची. ब्लॉग तिने पुसला नाही, पुसायला तो उघडावा लागला असता. फक्त लिहिणं थांबलं. दोन वर्षांनी बूथ बंद झाला, काचेची खोली मोडीत गेली, झेरॉक्स आली, आधारकार्डं आली, ऑनलाइन फॉर्म आले. लोक हातातल्या मोबाइलमध्ये घडाघडा सगळं सांगू लागले, जेवणाचं ताट, बाळाचं बारसं, भांडण, तेरावं. आता काचेत कोणीच जात नव्हतं, सगळे बाहेरच उभं राहून बोलत होते. वत्सला ते बघायची आणि तिला कधी कधी वाटायचं, मी जरा आधी आले होते.

"मावशी, कोरी निघाली," कुणाली म्हणाली. वत्सलाने दुसरी काढून दिली, फॉर्म भरला, फोटो चिकटवला. मग म्हणाली, "ते रील मला पाठव गो." कुणालीला नवल वाटलं, मावशी कधी असलं मागत नसे. दुपारी जेवायला दुकान ओढून घेतल्यावर वत्सलाने ते सात वेळा ऐकलं. त्या नाकातल्या आवाजाच्या मुलीने 'घर' म्हणायच्या आधी एक श्वास घेतला होता, बरोबर तिथे, जिथे वत्सलाला काही ऐकू आलं नव्हतं. मग ती खालची मतं वाचत सुटली. तिची बोटं आता सराईत होती. लाल बदाम, हात जोडलेले, 'निःशब्द', 'बाबांची आठवण', 'आजच फोन करतो', आणि हजारोंच्या त्या गर्दीत, अंगठा पुढे गेल्यावर डोळ्याला टोचलेलं आणि म्हणून परत मागे येऊन पाहिलेलं एक वाक्य, या वेळी देवनागरीत. हा माझा बाप आहे. सुरज मंडप डेकोरेटर्स, म्हसा. बाजूला झालर लावलेल्या स्टेजचा फोटो आणि मोबाइल नंबर. वत्सलाने ताटातला घास परत ताटात ठेवला. सोळा वर्षांनी तोच माणूस तेच बोलत होता आणि अजूनही ती काचेबाहेरच होती.

नंबर तिने फॉर्मच्या पाठीवर लिहून घेतला. दोन दिवस तो कागद काउंटरवर होता, टाचणीखाली. एखादं प्रकरण उगाच उकरू नये असं एक मन म्हणायचं. सगळं निवांत होतं. मुलगी नाशिकला नांदत होती, दुकान चालत होतं, गुडघे अजून ऐकत होते. पण त्या निवांतपणाच्या तळाशी एक पायरी होती आणि तिच्यावर दर रविवारी चारला कोणी बसलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, कोणी यायच्या आत तिने फोन लावला. पलीकडे हातोडीचे आवाज येत होते. "मंडप पायजे का?" सुरजने विचारलं. "नको. मी किन्हवलीहून बोलतेय. तुझे वडील यायचे तो बूथ..." हातोडीचा आवाज थांबला, का सुरज बाजूला गेला, कळलं नाही. "बूथवाली?" तो म्हणाला. वत्सलाने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "ओ बाय, तुमीच ना? फोन आलायवाल्या? आवो कुठं व्हतात तुमी? बा हाय ना माजा, घरीच हाय. रविवारी या. येतात का?" तिला त्या आवाजात राग शोधायचा होता. ती इतकी वर्षं त्याच्या तयारीत होती की तो सापडेना तर तिचा पायच घसरला. "येते," ती म्हणाली.

शनिवारी तिने महादूला सांगायला घेतलं. तो आटगावच्या कंपनीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. "मी मागं लिहायची," ती म्हणाली. "बूथवर असताना. मशीनवर."

"माहितेय की."

"काय माहितेय?"

"कोंबडा. आमच्या कंपनीत अनंताने त्याची प्रिंट नोटीसबोर्डाला लावली होती. चार ओळी वाचल्या नि म्हटलं, ही काच आपली हाय." त्याने एक शेंग उघडली, आतली अळी बोटाने उडवली. "चोचीपुढे. असं तूच बोलतेस. दुसरं कोण तोंडाला तोंड म्हणणार नाय?"

"मग बोलला का नाय मला?"

"तू लपवत होतीस. तुझं काय तरी एक होतं तुझ्यापाशी, मी कशाला हात घालू?" मग पुढची शेंग उचलत म्हणाला, "बंद केलंस तेव्हा विचारायला पायजे होतं. ते चुकलं माझं." वत्सला त्याच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. एवढ्या वर्षांत आपल्याला कोणी कोणी वाचलं, ते लातूर आणि न्यू जर्सी धरून तिने मोजलं होतं. ओट्यावरचा हा माणूस त्या हिशेबात नव्हता.

रविवारी महादूने तिला स्कूटरने स्टँडवर सोडलं. सरळगावपर्यंत एसटी, मग मुरबाड, मग म्हशापर्यंत वडापची जीप. नोव्हेंबरचं ऊन होतं, भाताची कापणी उरकत आली होती, खळ्यांवर भाऱ्यांच्या रचना उभ्या होत्या आणि जीपच्या उघड्या अंगाने पेंढ्याचा गोड वास आत येत होता. तिच्या मांडीवर नानकटाईचा पुडा होता. ती मनात वाक्यं लावत होती. माफ करा, मी ऐकायला नको होतं. माफ करा, मी नाव तरी घेतलं नव्हतं. हे दुसरं खोडून पहिलं ठेवत होती, पहिलं खोडून काहीच ठेवत नव्हती. समोर सिद्धगडाचा डोंगर आधी निळा होता, मग हिरवा, मग एकेक झाड वेगळं दिसण्याइतका जवळ आला. म्हशाच्या नाक्यावर सुरज मोटरसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, केसांना मेंदी. वत्सलाने कधी त्याला पाहिलंच नव्हतं, फक्त तो बोलत असताना त्याच्या बापाची पाठ पाहिली होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि ती इतकी गडबडली की पुडा त्याच्याच हातात दिला.

घर वाडीच्या टोकाला होतं, पुढे सारवलेलं अंगण, खाली उतरणीला म्हशाचा रस्ता. लखमा बाजेवर बसला होता. सुकून लहान झाला होता, कानामागे यंत्र होतं. सोमी दाराच्या उंबऱ्याशी नाचणी पाखडत होती. ती उठली, हात पदराला पुसले आणि वत्सलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. "वळखली गो. फोन आलायऽ म्हून वरडायची ती." सुरजची मुलगी रुपा, नववीतली, आधीच मोबाइल हातात घेऊन उभी होती. वत्सलाला वाटलं आता बोलायला हवं, नाहीतर चहा येईल आणि राहून जाईल. "लखमाभाऊ," ती म्हणाली, "मी तुमचं बोलणं ऐकलं आणि लिहिलं. तुम्हाला न विचारता. तुमच्या सुरजने वाचलं, त्याला राग आला, तुम्ही यायचं बंद केलंत..."

"राग?" सुरज म्हणाला. "कोनाला?"

"तू लिहिलं होतंस. हा माझा बाप आहे."

"मंग? हायच ना." तो हसायला लागला. "आवो बाय, आमच्या सुपरवायझरच्या टेबलावर तो कागद व्हता. त्यानं मला वाचून दाखवला नि सोता रडला. मी म्हनलो, सर, हा माजा बाप हाय, तो मानंच ना. मंग कॅफेत गेलो, शोधून काढलं. खाली एवढी लोकं रडतात, म्हनलं सांगावं सगळ्यांना, हा माजा बाप हाय. एक एक अक्षर शोधाया तास गेला. पुडं लिवनार व्हतो, तं टाइम संपला." "नि यायचं बंद..." वत्सला म्हणाली. "पगारातनं बाला मोबाइल घेऊन दिला ना," सुरज म्हणाला, "मंग बूथवर कशाला येतोय तो?" वत्सला ऐकत होती. सोळा वर्षं तिने एक वाक्य आतल्या आत उकळलं होतं आणि ते पहिल्यापासून नुसतं पाणी होतं, स्वच्छ, पिण्याचं. तिला हसू येत होतं आणि त्या हसण्यात मध्येच कुठेतरी ती दोन हजार नऊ सालची दुपार दुखत होती, न लिहिलेल्या सगळ्या दुपारी दुखत होत्या.

लखमाला निम्मंच ऐकू जात होतं. सोमीने त्याच्या कानाशी जाऊन सगळं परत सांगितलं. "कोंबड्याचं लिवलन, तू पोराला घर ऐकवलंस म्हून." "काय ऐकवलं?" "घर!" लखमाने वत्सलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विचार करणाऱ्या माणसाचं खरंखुरं कोडं होतं. "मी कशाला घर ऐकवू?" तो म्हणाला. "त्याचा कोंबडा व्हता तो. म्हशाच्या जत्रेतनं आनला व्हता यानं, जिवापाड. नि दर रविवारी फोनवर माज्यावर आळ, बा, तू माजा कोंबडा कापलास, आखाडात पाव्हन्यांना घातलास. मी म्हनं नाय, हा म्हनं कापलास. मंग डोकं फिरलं माजं. घातला पिशवीत, नेला बूथवर. म्हनलो, घे, ऐक, जिता हाय का मेला!" सुरजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. सोमीचं सूप हलत होतं, त्यातली नाचणी भुईवर सांडत होती. "नि त्यो कोंबडा?" वत्सलाने कसंबसं विचारलं. "दिवाळीला सोयरिकीचे पाव्हने आले," लखमा म्हणाला, "तवा यानंच कापला."

काचेत जे राहिलं होतं ते हे होतं. जिता हाय का मेला. वत्सला अंगणात, परक्या बाजेच्या कडेवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसू ओसरलं आणि तिला तो शब्द आठवला, तिने घातलेला. तो खोटा होता. त्या खोट्या शब्दावर दोनशे अकरा माणसं रडली होती आणि आता काही लाख. कुणाली रडली होती. आजच फोन करतो, असं लिहिणाऱ्याने कदाचित फोन केलाही असेल. हे सगळं आता काय झालं? ती शोधू लागली की तिला अपराधी वाटतंय का, आणि वाटत होतं, पण ते पूर्वीसारखं टोचत नव्हतं. हाताला लागलेल्या पिठासारखं होतं, झटकलं तरी चालेल, राहिलं तरी चालेल. "आजोबा, हे सगळं परत सांग," रुपा मोबाइल उभा धरत म्हणाली, "मी टाकते. खरं काय झालं ते. जाम चालेल." वत्सला म्हणाली, "टाक गो. खरं आहे ते कळू दे लोकांना. चूक माझी आहे."

लखमाने हात वर केला. "नको," तो म्हणाला. "लोकं रडतात ना?"

"रडतात," रुपा म्हणाली.

"तं रडू दे. त्यांना कोनी कोंबडा ऐकवला नसंल."

रुपाने मोबाइल खाली केला. तिला ते पटलं होतं की नुसतं कळलं नव्हतं, कोण जाणे. सुरज उठून चुलीपाशी गेला. डोंगराच्या अंगाने कोणीतरी गुरांना हाक घालत होतं. चहा आला, बिनदुधाचा, गवती चहा घातलेला, आणि नानकटाई ताटलीत मांडून तिच्याच पुढे परत आली. सोमीने सूप बाजूला सारलं, पाय पसरले आणि वत्सलाच्या गुडघ्याला हात लावला.

"आमचं ऐकलंस," ती म्हणाली. "तुजं काय?"

"माझं काय?"

"तुजं. तुजा फोन कवा आला? पंदरा वर्सं दारात हुभी राहून लोकांना हाका घातल्यास. तुला कोनाचा येयाचा?"

वत्सलाने तोंड उघडलं आणि तिला कळलं की हे तिला कोणी विचारलं नव्हतं, लातूरनेही नाही, न्यू जर्सीनेही नाही. तिने लिहिलेल्या एकशे चार लेखांत ती स्वतः कुठेच नव्हती, फक्त एक स्टूल होतं. "नाही यायचा," ती म्हणाली. "माहेरी फोनच नव्हता. आई होती, पण ती तिकडे धसईच्या पुढे, आत." "बरं," सोमी म्हणाली. "मंग आई काय बोलली आसती?" वत्सला हसली. मग तिने कप खाली ठेवला. आई काय बोलली असती हे सांगायला आधी आई कशी बोलायची ते सांगावं लागणार होतं, आणि त्याच्या आधी तिचा तो सकाळचा खोकला, आणि कौलांतून खाली येणारा उजेड, आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिचं ते भरभर चालणं. ती बोलू लागली. सोमी मध्ये मध्ये हुंकार देत होती, लखमा यंत्र नीट करून पुढे वाकला होता. म्हशाहून सुटणारी पाचची गाडी खाली रस्त्यावरून धूळ उडवत गेली तेव्हा वत्सला माहेरच्या विहिरीपर्यंत आली होती.